डोळ्याच्या पडद्याच्या रक्तवाहिन्या बारीक झाल्या म्हणजे रक्तपुरवठा बिघडला का?

गोव्यातल्या फोंड्याच्या एका मुलाने वडिलांविषयी विचारलं आहे. वडील 63 वर्षांचे, वीस वर्षांचा मधुमेह. सहा महिन्यांपूर्वी उजव्या डोळ्यात रक्तस्राव झाला म्हणून विट्रेक्टॉमी (डोळ्यातला गर काढण्याचं ऑपरेशन) आणि पडद्यावर लेझर झालं. तीन आठवड्यांपूर्वी डाव्या डोळ्याचंही तेच ऑपरेशन झालं, त्यात शेवटी गॅस भरला. उजव्या डोळ्याच्या नव्या ओसीटी अँजिओग्राफीत (पडद्याच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन) रक्तवाहिन्यांची घनता वाढली आहे, पण डॉक्टरांनी त्याच कागदावर 'धमन्या आधीपेक्षा बारीक' असंही लिहिलं आहे. यातलं खरं काय? उजव्या डोळ्याने मध्यंतरी छान दिसत होतं, ते आता पुन्हा धूसर का? घरी ऑक्सिजनचं यंत्र आणावं का? आणि पुढच्या आठवड्यात बेळगावला लग्न आहे, बाबांना चोर्ला घाटाने गाडीतून न्यावं का?

आधी बेळगावचं, कारण ते तातडीचं आहे. डोळ्यात गॅस असेपर्यंत घाट चढायचा नाही. चोर्ला नको, अनमोड नको, आंबोलीही नको. चोर्ला समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटरवर आहे, बेळगाव साडेसातशेच्या आसपास. एवढं चढल्यावर हवेचा दाब साधारण 9 टक्क्यांनी उतरतो आणि डोळ्यातला गॅस दहाएक टक्के फुगू पाहतो. डोळ्याची ती पोकळी जेमतेम चार मिलीलिटरची, आणि भोवतीचं पांढरं कवच फुग्यासारखं ताणणारं नाही. मग आतला दाब वाढतो. तो दाब धमनीतल्या रक्ताच्या दाबाशी भिडला की पडद्याचा पुरवठा अडखळतो, त्याहून वर गेला की थांबतो. विमानात तर केबिनचा दाब 1800 ते 2400 मीटर उंचीइतका ठेवलेला असतो, म्हणजे गॅस पाव ते एक तृतीयांश फुगेल. दाबोळीहून उडा की मोपाहून, फरक नाही.

हे इतकं लांबवून सांगतोय त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझा एक पेशंट नातेवाइकाच्या बाराव्याला म्हणून घाट चढायला निघाला. मी त्याला 'विमानाने जाऊ नका' एवढंच बजावलं होतं, घाटाचं बोललोच नव्हतो. अर्ध्या वाटेवर डोळा ठणकायला लागला, ओकारी झाली, समोर अंधार आला. बरोबरच्यांनी शहाणपणाने गाडी वळवली, आणि केरीला खाली पोचेपर्यंत दुखणं ओसरलं. त्याची नजर वाचली. चूक माझी होती. तेव्हापासून गॅस भरलेल्या प्रत्येकाच्या कागदावर मी 'घाट चढू नये' हे लाल शाईने लिहितो. तुमच्या बाबांच्या डोळ्यात सी-थ्री-एफ-एट हा गॅस असेल, तर तो सहा ते आठ आठवडे राहतो. एसएफ-सिक्स असेल, तर दोनेक आठवड्यांत जातो. कुठला भरलाय ते डिस्चार्जच्या कागदावर असतं. तो पूर्ण गेला की नाही हे डॉक्टरांनी आत बघून सांगायचं. आपल्याला गॅसच्या कडेची रेघ दिसेनाशी झाली एवढ्यावर निघू नका. या काळात दुसरं कसलंही ऑपरेशन निघालं, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना गॅसचं आधी सांगा. नायट्रस ऑक्साइड दिला तर हाच फुगवटा काही मिनिटांत होतो.

आता बारीक धमन्यांचं. माझ्याकडे येणाऱ्या घरच्यांच्या मनात बहुधा एक हिशोब पक्का असतो: रक्त जास्त तर पोषण जास्त, रक्त कमी तर पडदा उपाशी. "दोतोर, रगत बरें धांवता न्हय?" (डॉक्टर, रक्त नीट वाहतंय ना?) असं मला आठवड्यातून दोनदा तरी कुणी विचारतंच. पण रक्ताचा प्रवाह आणि ऑक्सिजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेझर आणि विट्रेक्टॉमीनंतर प्रवाह कमी होणं ही पुष्कळदा चांगली बातमी असते.

पडद्याला दोन बाजूंनी रक्त मिळतं. आतल्या थरांना मध्यवर्ती धमनीच्या फांद्या पोसतात. डॉक्टर बघतात त्या लाल रेषा याच. बाहेरच्या थराला, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पेशींना, पाठीमागून कोरॉइड हा रक्तवाहिन्यांचा दाट थर पुरवतो. डोळ्यात येणाऱ्या रक्तातलं 80 टक्क्यांहून जास्त कोरॉइडमधून वाहतं, पडद्याच्या स्वतःच्या वाहिन्यांच्या वाट्याला 5 टक्क्यांच्या आसपासच येतं. आणि प्रकाश टिपणाऱ्या पेशी फार खादाड असतात. कोरॉइडमधून आलेला ऑक्सिजन त्या जवळजवळ सगळा तिथेच संपवतात, आतल्या थरापर्यंत फारसा पोचू देत नाहीत.

फोंड्याच्या माणसाला कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, समजावून सांगायला नको. समजा, वरून एक बारीक पाट येतो आणि खालच्या अंगाने मोठा झरा झिरपतो. झऱ्याजवळ दाटीने उभी असलेली झाडं सगळं पाणी पितात, वरच्या पोफळींना फक्त पाटाचा आधार. मधुमेहात हा पाटच जागोजागी बुजतो, केशवाहिन्या बंद पडतात. वरचा भाग तहानला की पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात, ते नव्या वाहिन्या उगवायला लावतं. त्या कच्च्या असतात, फुटतात, आणि डोळ्यात रक्त उतरतं. बाबांना झालं ते हेच.

लेझर काय करतं? कडेच्या भागातल्या काही खादाड पेशी जाळतं. म्हणजे झऱ्याकाठची काही झाडं तोडायची, की खालचं पाणी वर चढतं. कोरॉइडचा ऑक्सिजन त्या डागांतून आतल्या थराला मिळतो, तहान भागते, व्हीईजीएफ उतरतं. 1994 मध्ये अमेरिकेत डोळ्यातल्या द्रवात ते प्रत्यक्ष मोजलं गेलं, आणि यशस्वी लेझरनंतर ते साधारण पाऊणपट कमी झालेलं दिसलं. आता दुसऱ्या बाजूने ऑक्सिजन मिळू लागल्यावर पडद्याच्या धमन्या काय करतील? स्वतःहून आकसतील. पडद्याच्या वाहिन्यांना मेंदूकडून हुकूम येत नाही, तिथल्या तिथे ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड बघून त्या आपलं तोंड उघडतात किंवा मिटतात. खाजन शेतीच्या बांधातल्या मानशीचं, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेचं, दार भरती-ओहोटीला आपसूक हलतं, तसंच. म्हणून चांगल्या लेझरनंतर धमन्या बारीक होतात आणि रक्ताचा प्रवाह घटतो. हे 1980 च्या दशकापासून मोजून माहीत आहे. त्या वेळी आणखी एक गोष्ट दिसली आणि मला ती सगळ्यात बोलकी वाटते: लेझरआधी ऑक्सिजन हुंगवला तर या आजारी वाहिन्या नीट आकसत नसत, लेझरनंतर त्या पुन्हा आकसू लागल्या. म्हणजे दार पुन्हा हलायला लागलं होतं.

विट्रेक्टॉमीचा परिणाम वेगळ्या वाटेने होतो. 1970 च्या सुमारास मायामीत रॉबर्ट माखेमर यांनी हे ऑपरेशन सुरू केलं, तेव्हा हेतू रक्त आणि पडद्याला ओढणारे पापुद्रे काढणं एवढाच होता. पण डोळ्यातला घट्ट गर गेला आणि त्या जागी पाण्यासारखा द्रव आला, की डोळ्यातली वाहतूकच बदलते. गरातून ऑक्सिजन फक्त सावकाश झिरपू शकतो. पाण्यात मात्र डोळा हलला की पाणीही ढवळतं, आणि जिथे ऑक्सिजन जास्त आहे तिथून उपाशी भागाकडे तो वाहून जातो. व्हीईजीएफही साचून न राहता लवकर निघून जातं. आइसलँडचे आइनार स्टेफानसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आधी मांजरांच्या डोळ्यांत मोजलं, मग त्यामागचं भौतिकशास्त्र मांडलं. लेझर आणि विट्रेक्टॉमी या दोन्हींचा गाभा ऑक्सिजन आहे हा त्यांचा आग्रह मला आजही पटतो.

अर्थात बारीक झालेली प्रत्येक धमनी चांगलीच असं नाही. दोऱ्यासारखी पांढरी पडलेली धमनी म्हणजे मेलेली वाट. पडद्याचा मोठा भाग केशवाहिन्यांविना असेल तर तो बारीकपणा उपासमारीचाच. फरक आजूबाजूला बघून कळतो. नव्या वाहिन्या सुकल्या आहेत, मॅक्युलाची, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाची, सूज उतरली आहे, पुन्हा रक्त उतरलं नाही, आणि बाहुलीच्या कडेला कोवळ्या वाहिन्या नाहीत, अशा डोळ्यात धमन्या बारीक असतील तर मी समाधानाने कागदावर तसं लिहितो. तुमच्या डॉक्टरांनीही बहुधा त्याच अर्थाने लिहिलं असेल. पुढच्या भेटीत एवढंच विचारा: नव्या वाहिन्या सुकल्या का?

मग घनता वाढली हे काय? ओसीटी अँजिओग्राफी रंग न टोचता वाहत्या रक्ताचा नकाशा काढते. त्यासाठी प्रकाश स्वच्छ आत जाऊन परत यावा लागतो. ऑपरेशनआधी उजव्या डोळ्यात रक्त होतं, तेव्हाचा स्कॅन, काढला असेल तर, धुक्यातून काढलेला फोटो होता. रक्त साफ झाल्यावर ज्या वाहिन्या आधीही होत्या त्या दिसू लागल्या, आणि यंत्राने घनता वाढली म्हणून आकडा दिला. खिडकीची काच पुसली म्हणून अंगणात नवी झाडं उगवत नाहीत. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही असंच होतं: मॅक्युलातला प्रवाह वाढल्याचे आकडे येतात, त्यातला मोठा भाग स्वच्छ झालेल्या प्रतिमेचा असतो, काही भाग ऑपरेशनच्या सौम्य दाहाचा. म्हणून दोन रिपोर्ट ताडून बघताना आधी दोन्हींवरचा सिग्नलचा आकडा, म्हणजे प्रतिमा किती स्वच्छ आली तो, बघायचा. तो सारखा नसेल तर घनतेची तुलना मी करतच नाही. बंद पडलेल्या केशवाहिन्या ऑपरेशनने सहसा परत येत नाहीत, हे मी पेशंटला स्पष्ट सांगतो. ऐकायला जड जातं. पण उरलेल्या पडद्याला ऑक्सिजन पुरेसा मिळाला तर तो टिकतो, आणि आपली लढाई त्यासाठीच आहे.

ऑक्सिजन थेट मोजण्याचं साधनही आहे, रेटिनल ऑक्सिमेट्री. पडद्याचे एकाच वेळी दोन रंगांत फोटो काढतात, 570 आणि 600 नॅनोमीटर. पहिल्या रंगाला रक्तात ऑक्सिजन आहे की नाही याने फरक पडत नाही, दुसऱ्याला पडतो. त्यावरून हिशोब होतो. निरोगी माणसाच्या पडद्यावरच्या धमनीत सुमारे 92 टक्के आणि शिरेत सुमारे 55 टक्के संपृक्तता निघते. हे यंत्र संशोधनातच जास्त वापरलं जातं, आणि बाबांना त्याची गरजही नाही. पण त्याने शिकवलेलं एक सांगतो. मधुमेहाने बिघडलेल्या पडद्यात शिरेतली टक्केवारी वाढलेली दिसते. वाचून बरं वाटेल, पण अर्थ उलटा आहे: केशवाहिन्या बंद असल्याने रक्त आडवाटेने, ऑक्सिजन न देताच परत चाललं आहे. विट्रेक्टॉमीनंतरही शिरेतली टक्केवारी थोडी वाढल्याचे अभ्यास आहेत. तिथे मात्र अर्थ असा लावतात, की पडद्याला द्रवातूनही ऑक्सिजन मिळतोय म्हणून रक्तातून तो कमी उचलला जातो. आकडा एकच, कारणं दोन. म्हणून नुसत्या आकड्यावरून कुणी बरं-वाईट ठरवू लागलं की मी थांबवतो.

उजव्या डोळ्याच्या धूसरपणाकडे येतो. डोळा बघितल्याशिवाय निदान करणार नाही, पण साठीच्या पुढे, विट्रेक्टॉमीनंतर काही महिन्यांनी, हळूहळू आणि दुखल्याशिवाय नजर मंदावली तर पहिला संशय मोतीबिंदूचा. आणि त्याचंही कारण ऑक्सिजनच! आपल्या नैसर्गिक भिंगाला ऑक्सिजन फार कमी लागतो. डोळ्यातला गर आणि त्यातलं क जीवनसत्त्व ऑक्सिजनला भिंगापर्यंत पोचू देत नाही. गर काढला की पडद्याची चंगळ होते आणि भिंगाचा गाभा कडक, पिवळा पडू लागतो. पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांना विट्रेक्टॉमीनंतर दोनेक वर्षांत मोतीबिंदूचं ऑपरेशन लागतं. त्यात ऑपरेशन बिघडल्याचा भाग नाही. मात्र मधुमेहात ते करण्याआधी लेझर पुरेसं झालं आहे आणि मॅक्युला कोरडा आहे याची खात्री हवी. ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांनी मॅक्युलाला सूज येऊ शकते, मधुमेहींना जास्त. म्हणून नेपाफिनॅकसारखे सूज रोखणारे थेंब सांगितले असतील तर 'आता दिसतंय ना' म्हणून ते मध्येच बंद करू नका.

ऑक्सिजनचं यंत्र आणू नका. बोटाला लावायच्या यंत्रावर बाबांचे 97-98 टक्के येत असतील, तर रक्तात ऑक्सिजन भरलेलाच आहे. अडचण शेवटच्या गल्लीत, म्हणजे केशवाहिन्यांत आहे. शंभर टक्के ऑक्सिजन हुंगला की पडद्याच्या धमन्या आकसतात, कोरॉइडमधला ऑक्सिजन वाढतो, आणि संशोधनात त्याने सूज थोडी उतरल्याचंही दिसलं आहे, पण ते घरी रोज तासन्‌तास करण्याचं औषध नाही. रक्त पातळ करणाऱ्या किंवा 'नसा मोकळ्या करणाऱ्या' गोळ्याही मनाने नकोत. सिद्धान्त सुंदर असला तरी उपाय चालतोच असं नाही, याचं एक उदाहरण सांगतो. अंधारात प्रकाशपेशी जास्त ऑक्सिजन खातात, हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून झोपेत मंद प्रकाश देणारा मुखवटा मधुमेही रुग्णांना दोन वर्षं लावून बघितला. ब्रिटनमधल्या त्या चाचणीचे निष्कर्ष 2018 मध्ये आले: फायदा नाही. मलाही त्या कल्पनेकडून आशा होती.

त्यापेक्षा रक्तदाब आणि डोळ्याचा दाब यांच्याकडे लक्ष द्या. बसलेल्या माणसाच्या डोळ्यात रक्त ढकलणारा जोर ढोबळमानाने असा काढतात: सरासरी रक्तदाबाचा दोन तृतीयांश, उणे डोळ्याचा दाब. रक्तदाब 120/80 असेल तर सरासरी 93, त्याचे दोन तृतीयांश 62. डोळ्याचा दाब 15 असेल तर जोर 47. आता समजा रक्तदाबाच्या गोळ्यांनी तो 100/60 वर आला, आणि ऑपरेशननंतर गॅसने किंवा स्टेरॉइडच्या थेंबांनी डोळ्याचा दाब 25 झाला. जोर 24. निम्मा! दोन्ही आकडे वेगवेगळे बघितले तर कुणी घाबरणार नाही, एकत्र बघितले की काळजी वाटते. निरोगी वाहिन्या हे सांभाळून घेतात, मधुमेहाने थकलेल्या वाहिन्या तेवढं सांभाळू शकत नाहीत. म्हणून गोळ्या स्वतः बंद करू नका, पण रक्तदाब नेहमीपेक्षा खाली येत असेल तर फिजिशियनला आणि डोळ्याच्या डॉक्टरांना, दोघांनाही सांगा. काचबिंदूच्या ऑपरेशननंतर उलट, दाब उतरल्याने पुरवठ्याला मदतच होते, फक्त तो फार खाली जाता कामा नये. पडदा सुटल्यावर डोळ्याभोवती पट्टा बांधतात, त्याने प्रवाह थोडा आवळला जातो, बहुतेकांना ते जाणवत नाही.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत गोव्यात मधुमेहाचं प्रमाण 26.4 टक्के निघालं, देशात सर्वाधिक. आमच्या बाहेरच्या बाकावर हा आकडा रोज बसलेला दिसतो. तरी बहुतेक जण पहिल्यांदा येतात ते डोळ्यात रक्त उतरल्यावर. तुमच्या घरात बाबांच्या भावंडांना मधुमेह असेल, तर त्यांची बाहुली मोठी करून तपासणी या महिन्यात करून घ्या, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात करा किंवा जवळच्या जिल्हा इस्पितळात.

बाबांच्या पुढच्या भेटीत थेंब घालून बाहुली मोठी करण्याआधी बुबुळ तपासायला सांगा, बाहुलीच्या कडेच्या कोवळ्या वाहिन्या तेव्हाच नीट दिसतात. डोळ्याचा दाब किती आला तो आकडा लिहून आणा. आणि डाव्या डोळ्याची नजर अचानक गेली, किंवा डोळा ठणकून ओकारी आली, तर सकाळची वाट बघू नका. पंजाबात जन्मलेले, पुढे आयोवात काम केलेले सोहनसिंग हयरेह यांनी माकडांच्या डोळ्यांवर दाखवलं, की मध्यवर्ती धमनी पूर्ण बंद झाली तर पडदा साधारण 97 मिनिटं सहन करतो, चार तासांनंतर काही उरत नाही. फोंड्याहून बांबोळीचा रस्ता त्या वेळेत गाठता येतो. गाडी नसेल तर 108 ला फोन लावा, आणि डोळ्यात गॅस आहे हे त्यांना पहिल्याच वाक्यात सांगा.